नंदिनीबाईंची खिचडी

॥ श्री ॥

वडवणी
५ नोव्हेंबर २०२४

चि. शीलास अक्काचे अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. दिवाळी झाली न्हाई तोवर कापसाची वेचणी लागली, घरात माणूस ठरंना. फोन करावा तर तू तिकडून नुसतं हां हां म्हणतीस आन् कानात काहीच शिरलेलं नसतं. मागच्या खेपेला मी गाय व्याली म्हणून सांगितलं, तर तू जेवायला काय काय केलतं ते विचारलंस. तवापासून मी ठरवलंय, बहिणीशी बोलायचं तर कागदावरच.

आज हणमंतराव शिर्क्यांची पुण्यतिथी. सिनेमात कायम वाईट काम करायचे ते. कुणाचं शेत बळकाव, कुणाची पोर पळव. पण एकदा टीव्हीवर सांगितलं होतं की मुगाची भजी लई आवडतात, म्हणून सकाळी चार भजी केली आन् गोठ्याच्या पत्र्यावर घास ठेवला. कावळा लगेच आला. सूनबाई वैष्णवी तोंडाला पदर लावून हसत होती. अंगद म्हणला, आई, या माणसाला तुझं नाव तरी ठाऊक होतं का. म्हणलं, नसंना का. त्याची दोन्ही पोरं परदेशात. मेला तव्हा खांद्याला माणूस मावंना, आता तिथीला पत्र्यावर घास ठेवायला कुणी हाय का. एवढा माणूस आपल्याला हसवून रडवून गेला, त्याला वर्षाला चार भजी जड न्हाईत.

आता खरं दुखणं सांगते. सिनेमातली नंदिनी वाळवेकर मुंबईला दवाखान्यात हाय. तुला कुठली आठवती म्हणा. माझं नवं लग्न झालतं तव्हा माजलगावला तंबूतल्या सिनेमाच्या उद्घाटनाला आलती ती. उन्हानं लाल झालती, आन् मानकऱ्यांच्या हारातुऱ्यात तिला पाणी द्यायचं कुणाच्या ध्यानात न्हाई. मी बायकांतून पुढं गेले आन् माझ्या तांब्यातलं पाणी दिलं. तिनं नाव विचारलं. सुंदर म्हणलं, तर ती हसली आन् म्हणली, मग ही लोकं मला बघायला कशाला आलीत. तवापासून ती मला परकी वाटत न्हाई. तिच्या हृदयाची झडप निकामी झालीय.

आन् माझी बी तीच. बीडच्या डॉक्टरनं संभाजीनगरला पाठवलं, तिथल्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढून सांगितलं की आतलं दार नीट लागंना, रक्त माघारी येतंय, झडप बदलावी लागती. नऊ डिसेंबरला भरती व्हा म्हणलेत. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत आलं तरी मला बसावं लागतंय, हे खरं हाय. पण मी अंगदला स्पष्ट सांगितलं, नंदिनी आपल्या पायानं घरी जाऊ दे, मग मी जाते. तिला मुंबईचे डॉक्टर हायत, तिच्यापशी कशाला कमी न्हाई. तिचंच झालं न्हाई तर माझं काय होणार. अंगद ताटावरून उठून गेला. मी बी हटले न्हाई.

मला भ्या वाटतंय शीला. तुलाच सांगते, इकडं कुणाला सांगितलं न्हाई.

त्रिंबकरावांच्या पायाला तेल लावतीस का. त्यांना माझा नमस्कार. माया हाय तशी ठेव, कमी करू नको.

तुझी,
अक्का


आष्टी
११ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. वाचून आधी हसले, मग चिडले, मग पुन्हा वाचले. आपल्या आईची तिथी दरवर्षी मी तुला कळवते आणि त्या हणमंतरावांची तू मला कळवतेस, काय म्हणावं तुला. तुझ्या घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मी पाहिलं आहे. गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते त्यावर नाही, पण कोणता नट कधी गेला, कोणती गायिका कधी आजारी पडली, सगळं पेनाने गोल करून ठेवलेलं. वैष्णवीच्या जागी मी असते तर तुला एखाद्या वर्तमानपत्रात नोकरीला लावलं असतं.

इकडे तसं ठीक आहे. यांचा डावा हात अजून उचलत नाही, पण परवा स्वतः कपबशी धरली. बजरंगाने तेवढ्यावर मोबाईलवर बापाचा फोटो काढून सगळ्या भावकीला पाठवला. आमच्या गल्लीत निम्म्या दारांना कुलपं लागलीत. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, मागे म्हाताऱ्या आणि शेळ्या राहिल्यात. संध्याकाळी त्या माझ्या ओट्यावर येऊन बसतात. त्या बोलतात, मला ऐकू येत नाही, पण त्यांना बोलायला माणूस मिळतं.

आता नीट ऐक. त्या बाईच्या झडपेशी तुझी झडप बांधायचं काही कारण नाही. तिचे डॉक्टर वेगळे, तुझे वेगळे. तिचं दुखणं किती जुनं, तुला काय ठाऊक. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर तू काय उंबऱ्यात बसून राहणार आहेस का श्वास मोजत. नऊ तारखेला मुकाट्याने जा. त्या नटीबद्दल मी यापुढे एक अक्षर लिहिणार नाही, तूही लिहू नकोस. मला त्या लोकांचं कधीच काही वाटलं नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

एक सांगते, रागावू नकोस. कान गेल्यापासून लोक माझ्याशी बोलणं आखडतं घेतात. पोटचा पोर बजरंगसुद्धा खुणेने भागवतो. जगात तू एकटी मला चार-चार पानं लिहितेस. तू भजी किती केलीस, कावळा कधी आला, हे सगळं मला लागतं. तुला काही झालं तर माझ्याशी बोलणारं कोणी उरत नाही अक्का. एवढा माझा स्वार्थ आहे, तो लक्षात ठेव.

धाकटीवरचा तुझा हात असाच राहू दे.

तुझी,
शीला


वडवणी
१९ नोव्हेंबर २०२४

ती. सत्यशीलामावशींस,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुम्ही घाबराल म्हणून आधीच सांगते, आई बऱ्या आहेत. दम लागतो तेवढाच. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सअपवर टाकलं तर बजरंगभाऊजी तुम्हाला दाखवायच्या आधी सगळ्या ग्रुपवर फिरवतील. म्हणून हा कागद.

मावशी, नंदिनी वाळवेकर परवा रविवारी दुपारी गेल्या. आम्हाला मोबाईलवर कळलं तेव्हा आई गोठ्यात वासराला पाजत होत्या. यांचा तर चेहराच उतरला. तुम्हाला आईंची अट माहीत आहेच. त्या बाई चालत घरी गेल्या तरच ऑपरेशन, नाहीतर नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की यापुढे लांबवलं तर झडप बदलूनही उपयोग होणार नाही. आम्ही दोघं विहिरीपाशी जाऊन उभे राहिलो आणि ठरवलं की ही बातमी आईंपर्यंत पोचू द्यायची नाही.

त्या दिवसापासून टीव्हीचा रिचार्ज संपला असं सांगितलं आहे. आईंचा स्वयंपाकघरातला रेडिओ बंद पडावा म्हणून यांनी त्यातले सेल काढून विहिरीत टाकले. पेपरवाल्याला नऊ तारखेपर्यंत नको म्हटलं. शेजारच्या बायनाबाईंना, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे सांगून आले. भजनाच्या बायकांना तर यांनी हात जोडले. लोक चांगले आहेत मावशी, एकानेही हे हसण्यावारी नेलं नाही. उलट गिरणीवाला म्हणाला की मीच सांगतो, बाई आता वरणभात खातात म्हणून. त्याला म्हटलं, तू काहीच सांगू नकोस.

पण आई रोज विचारतात. काल मी बळेच सांगितलं की आज त्या उठून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, बरं झालं म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या. मला खोटं नीट बोलता येत नाही, माझे कान लाल होतात. म्हणून तुमच्या पाया पडून मागते, तुम्ही एक पत्र लिहा. नंदिनीबाईंना बरं वाटतंय असं लिहा. तुमचं अक्षर दिसलं की आईंना शंका राहत नाही. त्या नेहमी म्हणतात, शीला जीव गेला तरी खोटं लिहायची नाही.

चुकलं असेल तर लहान समजून पदरात घ्या.

आपली,
वैष्णवी


आष्टी
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वैष्णवीस अ. आ.

तुझ्या सासूला निराळं पत्र टाकलं आहे. तीन कागद फाडले तेव्हा एक जमलं. अंगणवाडीत तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि आता हे. बजरंगाला विचारलं की असल्या दुखण्यात माणूस काय खातो, तर तो म्हणाला मोबाईलवर बघतो. मी म्हटलं राहू दे, मीच ठरवते.

तुम्ही दोघांनी केलं ते बरोबर की चूक, मला कळत नाही. पण ती जगावी एवढंच मला कळतं. पाप काही लागलंच तर अर्धं माझ्याकडे लाव.

तुझी,
मावशी


आष्टी
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

कशी आहेस. मागच्या पत्रात मी जास्त बोलले, ते मनावर घेऊ नकोस.

मुद्दाम लिहायचं कारण, तुझ्या नंदिनीबाईंची तब्येत बरीच सुधारली असं बजरंगाच्या मोबाईलवर आलं आहे. परवा त्यांना खुर्चीत बसवलं. काल मुगाची खिचडी दिली. दोन चमचे खाल्ली आणि तिसरा मागून घेतला. खिचडी आसट होती, वर चमचाभर तूप होतं, आणि सोबत लिंबाचं लोणचं मागितलं पण डॉक्टरांनी ते दिलं नाही. नर्सने केस विंचरून वेणी घातली. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून झाड दिसतं. ऑपरेशनही लवकरच आहे आणि डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. त्यांच्या अंगावर निळी शाल होती.

तर आता तू ठरल्याप्रमाणे नऊ तारखेला जाशील ना. त्यांचं बरं होत आलं आहे, तेव्हा तुझी अट पुरी झाल्यासारखीच आहे. मला यायचं होतं, पण यांना एकटं सोडवत नाही. रात्री कुशीवर वळवायला माणूस लागतं. मी इकडे बसून तुझं नाव घेत राहीन.

पत्राची वाट बघते. जीव टांगणीला आहे, तेवढा उतरव.

तुझी,
शीला


वडवणी
३० नोव्हेंबर २०२४

चि. शीलास अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. मी एकदा मनात वाचलं आन् एकदा वैष्णवीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती ऐकताना पदराच्या टोकाला गाठ मारत होती आन् सोडत होती. नंदिनीनं तिसरा चमचा मागून घेतला हे ऐकून मला लई बरं वाटलं. वर तूप होतं, शाल निळी होती, हे टीव्हीवाले कधी सांगत न्हाईत. तुझ्यामुळं कळलं.

मी नऊ तारखेला जाते. अंगदला काल रात्री जेवताना सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला. मग लहान पोरावानी रडला. एवढा बाप्या माणूस, मला कसंतरीच झालं. आरोहीनं आपल्या बापाला पाणी आणून दिलं आन् विचारलं की आजीनं मारलं का.

घरात हल्ली सगळे माझ्याशी हळू बोलतात. मी खोलीत आले की बोलणं थांबतं. बायनाबाई रोज काही ना काही वाटीत घेऊन येती, आन् माझ्या तोंडाकडं बघती. गिरणीवाल्यानं परवा दळणाचे पैसे घेतले न्हाईत. मला वाटतंय माझ्या दुखण्याचं सगळ्यांनी मनाला लावून घेतलंय. एवढी माया मी कधी कमावली, मला ठाऊक न्हाई.

आता दोन गोष्टी लिहून ठेवते. माझं काही कमीजास्त झालं तर गाय विकू देऊ नको, वैष्णवीला सांग. आन् माझ्या तिथीला गोडाधोडाचं काही करू नका. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आन् कांदा. पत्र्यावर ठेवायचं, पाटावर न्हाई, तिथं मांजर येतं. दुसऱ्यांच्या आवडीनिवडी मी एवढ्या ध्यानात ठेवल्या, माझी एक तुझ्या ध्यानात राहू दे. रडू नको, हे नुसतं लिहून ठेवायचं म्हणून. लिहिलं की भ्या कमी होतं.

त्रिंबकरावांना सांग, मी माघारी आले की त्यांच्या उजव्या हातानं मला पत्र लिहायचं. दोन ओळी चालतील.

तू माझी धाकटी, तुझ्यावर जीव हाय तो हायच, वेगळं काय लिहू.

तुझी,
अक्का


छत्रपती संभाजीनगर
१४ डिसेंबर २०२४

ती. सत्यशीलामावशींस,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं हे बजरंगभाऊजींनी तुम्हाला लिहून दाखवलं असेलच. आता सविस्तर लिहिते. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले आहे, हे चहा आणायला गेलेत.

अकरा तारखेला सकाळी आईंना आत नेलं. जाताना त्यांनी मंगळसूत्राची जागा चाचपली, आता तिथे काही नसतं तरी. मग मला जवळ बोलावून सांगितलं की आरोहीला उगाच बोलली होतीस, तिची समजूत काढ. मला काही कळलं नाही, म्हटलं भीतीने बोलत असतील. नंतर सगळा दिवस आम्ही दारासमोर बसून होतो. यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले आणि झडप बसली म्हणाले, तेव्हा हे भिंतीला टेकून खाली बसले. दुसऱ्या दिवशी आईंनी डोळे उघडले. पहिलं काय बोलल्या असतील, तर गाईला कोण बघतंय.

मावशी, आता मला दुसरीच काळजी लागली आहे. आईंनी एकदाही नंदिनीबाईंचं नाव काढलेलं नाही. आधी रोज विचारायच्या, तुमचं पत्र आल्यापासून एकदम थांबल्या. मला आधी बरं वाटलं, आता भीती वाटते. घरी गेल्यावर कळणारच. आपण एवढे सगळे त्यांना फसवत होतो हे कळलं तर त्या नव्या झडपेवर ताण यायचा. हे म्हणतात त्या आपल्याला कधी माफ करणार नाहीत.

काही गोष्टी आठवून मन खातं. तुमचं पत्र यायच्या दोन दिवस आधी मी वेचणीहून लवकर परतले, तर आईंनी भर दुपारी थालीपीठं लावली होती, लोणी काढलं होतं. इतका दम लागत असताना. विचारलं तर खावंसं वाटलं म्हणाल्या, आणि खाल्लं मात्र नाही, सगळं आम्हालाच वाढलं. आणि इकडे यायच्या आदल्या दिवशी यांनी टीव्हीचा आता खरंच संपलेला रिचार्ज केला, आई परत आल्यावर बघतील म्हणून, तर रिमोट चालेना. आपटून बघितला. उघडला तर आत सेलच नाहीत. मी आरोहीवर ओरडले, ती शपथा घेऊन रडली.

खरं काय ते तुम्हीच आईंना लिहा मावशी. तुमच्याकडून ऐकलं तर सोसतील. आमच्यात ती हिंमत नाही.

तुमच्या धीरावरच आम्ही इथवर आलो, तो पुढेही द्या.

आपली,
वैष्णवी


वडवणी
१५ जानेवारी २०२५

चि. शीलास अक्काचे अ. उ. आ.

मी बरी हाय. काल संक्रांतीला आपल्या पायानं बायनाबाईच्या घरापर्यंत गेले आन् माघारी आले, मधी कुठं बसले न्हाई. रात्री कान उशीला लावला की नवी झडप टिकटिक करती. तुला ऐकू येणार न्हाई, पण हात लावून बघशील. तिळगूळ बजरंगच्या हातानं पाठवते. त्रिंबकरावांचं पत्र पोचलं. दोनच ओळी, पण अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं हाय.

तुझं मागचं पत्र बी मिळालं. चार पानं नुसतं हवापाणी, पिकं आन् शेळ्या. जे लिहायचं ते तुझ्या पेनातून उतरंना, हे मला दिसत होतं. म्हणून आता मीच लिहिते.

शीला, नंदिनी गेली हे मला ती गेली त्याच दिवशी ठाऊक झालं.

संध्याकाळी मी बातम्या लावायला गेले तर रेडिओ मुका. उघडून बघितला तर सेल न्हाईत. टीव्ही लावावा तर अंगद म्हणला रिचार्ज संपला. आता अंगदनं रिचार्ज संपू दिला हे खरं मानलं, पण रिमोट तर तिथंच पडला होता आन् त्यातले सेल तसेच होते. टीव्ही बंद केला, रेडिओ बंद केला, रिमोट इसरले. तेच सेल काढून मी रेडिओत घातले आन् गोठ्यात नेऊन, कानाला लावून बातम्या ऐकल्या. माणसं मला नटनट्यांच्या मरणाची बातमी लपवायला निघाली होती. मला, शीला. हणमंतराव गेले तव्हा त्यांच्या भावाच्या आधी मला कळलं असंल.

त्या बातमीत डॉक्टर काय म्हणले ते कुणी ऐकलंच न्हाई वाटतं. ऑपरेशन झालंच न्हाई तिचं. दोन वर्षं ते तिला म्हणत होते, करून घ्या. ती म्हणायची, हातातला सिनेमा होऊ द्या. तो झाला की पुढचा. शेवटी अंगात तेवढी ताकदच राहिली न्हाई. म्हणजे मी तिची वाट बघत बसलते आन् ती सिनेमा संपायची. माझ्यासारखीच निघाली बाई.

तरी भ्या जाईना. मी कुणाला काही बोलले न्हाई. पोरं एवढी धडपडत होती, विहिरीपाशी कुजबुजत होती, वैष्णवीचे कान लाल होत होते. त्यांना वाटू दिलं की मला काही ठाऊक न्हाई. त्यांचं मन मोडवंना.

दहाव्या दिवशी सगळी वेचणीला गेलती. तिला थालीपीठ आन् लोणी आवडायचं, एका मुलाखतीत सांगितलं होतं. मी दम खात खात थालीपीठ लावलं, केळीच्या पानावर घेतलं आन् गोठ्याच्या पत्र्यावर ठेवलं. आपण तिचे कोण, सुतक न्हाई की सोयर न्हाई. पण पाणी पाजलं होतं एकदा. हात जोडून उभी राहिले. कावळा आला, लिंबाच्या फांदीवर बसला. खाली येईना.

मी म्हणलं, बाई, तुझी लेक शहाणी हाय, तिची चिंता करू नको. कावळा हलला न्हाई. म्हणलं, राहिलेला सिनेमा पुरा करतील ते, लोकं बघतील. न्हाई. म्हणलं, मी जिती हाय तवर दरवर्षी तुझा घास ठेवीन. मान वाकडी करून बघत राहिला, पण न्हाई. हणमंतरावांचा कावळा लगेच यायचा, हिचा येईना. ऊन डोक्यावर आलं. दम लागला, गोठ्याच्या खांबाला धरून उभी होते. मग माझ्या तोंडातून आपोआप आलं, बाई, मी करून घेते ऑपरेशन. तुझ्यावानी लांबवत न्हाई. भ्या वाटतंय, पण करते.

कावळा खाली आला शीला. सरळ आला आन् थालीपीठाला शिवला.

मी गोठ्यात बसून लई रडले. तिच्यासाठी रडले का माझ्यासाठी, मला अजून सांगता येत न्हाई. दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. ठरवलेलं तर माझं आधीच होतं. पण ज्या बाईनं आयुष्यात एका नटीसाठी अर्धी ओळ लिहिली न्हाई, तिनं खिचडी, तूप, लोणचं, वेणी, निळी शाल, एवढं सगळं लिहिलेलं वाचलं, तव्हा कळलं की मी गेले तर तुझं किती रिकामं होणार हाय. ऑपरेशनला आत नेताना ते पत्र मी उशीखाली ठेवायला मागितलं, नर्सनं दिलं न्हाई. मग मला पाठ होतं तेवढं मी म्हणत गेले.

अंगद-वैष्णवीला काल संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर सांगून टाकलं. मग अंगद जाऊन दुकानातून नवे सेल घेऊन आला, रेडिओला आन् रिमोटला दोन्हीला. आरोहीची मी माफी मागितली, रिमोटासाठी तिनं उगाच बोलणी खाल्ली होती.

आता एक काम तुझ्याकडं राहिलं. नोव्हेंबरात नंदिनीचं वर्षश्राद्ध येईल. तव्हा त्रिंबकरावांना गाडीत घालून तू इकडं यायचं, मी बजरंगला आत्ताच सांगून ठेवते. थालीपीठ मी करीन. तू मुगाची खिचडी कर, आसट, वर चमचाभर तूप, आन् बाजूला लिंबाचं लोणचं. तिला ती नुसती तुझ्या कागदावरच मिळाली. पत्र्यावर ठेवू, मी तुझ्या शेजारी उभी राहीन.

तोवर चार-चार पानं लिहीत राहा, वाचायला मी हाय.

तुझी,
अक्का